पाण्याची बाटली, पाण्याची फाईल

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याला पाणी तीन बाजूंनी भेटते. उत्तरेला भीमा आणि तिच्यावरच्या उजनी धरणाचा फुगवटा, दक्षिणेला नीरा, आणि पश्चिमेकडून खडकवासल्याचा व नीरेचा असे दोन कालवे. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, केवढा हा पाणीदार मुलूख. प्रत्यक्षात इथला पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला लागणारे पाणी सह्याद्रीच्या कडेला, भोर-वेल्ह्याकडे पडते आणि तिकडची दारे उघडली की इथवर येते. ढग किती बरसले हे विज्ञान सांगते. दार कधी उघडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. इथल्या शेतकऱ्याचे वर्ष या दोन्हींवर उभे असते. पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आणि लोकप्रशासनाचे एम.ए. मी एकदम करते आहे, ते यासाठी.

*

हे शक्य झाले ते एका नियमामुळे. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष हजेरीचे असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक हजेरीचा आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन. पीएच.डी.ला ही सवलत नाही.

मी दुसरी वाट धरली. आठवडाभर पुण्यात प्रयोगशाळा, आणि लोकप्रशासन इग्नू या मुक्त विद्यापीठातून. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी माध्यम नाही. म्हणून प्रत्येक धडा मी वहीत मराठीत उतरवते आणि खाली तालुक्यातले एक उदाहरण लिहिते. 'विकेंद्रीकरण' या धड्याखाली आमच्या ग्रामपंचायतीची नळयोजना आहे. 'निर्णयप्रक्रिया' या धड्याखाली कालव्याचे उन्हाळी आवर्तन आहे.

*

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी १९७२मध्ये विद्यापीठाने एक विद्याशाखाच अशी काढली, जिच्यात लोकप्रशासन आणि पर्यावरण एका छपराखाली आले. तिथे दोन्ही विषयांच्या पदव्युत्तर पदव्या जोडून तीन वर्षांत करता येतात. वेगवेगळ्या केल्या तर चार वर्षे लागतात. वाचलेले वर्ष महत्त्वाचे आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की रसायनशास्त्राचा आणि अंदाजपत्रकाचा तास तिथे एकच विद्यार्थी एकाच दिवशी करतो.

त्याच विद्यापीठात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर शिकवले. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसजवळचा भूजलसाठा. उपसा इतका वाढला होता की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत येऊ लागले होते. पाणी उपसणाऱ्यांनी एकत्र बसून उपशाला मर्यादा कशा घातल्या, याचा त्यांनी अभ्यास केला. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या महिला. खारे पाणी किती आत आले हे भूगर्भशास्त्रज्ञाने मोजले म्हणून लोक बैठकीला बसले, आणि लोक बसले म्हणून ते मोजणे कामी आले. नीरेकाठच्या विहिरींचे आणि बोअरचे खारे होत चाललेले पाणी चाखलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

*

नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला. दुष्काळी पट्ट्याला पाणी मिळाले, बारामती-इंदापूरकडे ऊस आला. पंचवीस वर्षांत दुसरे काहीतरीही आले. काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिले, निचऱ्याला वाट नव्हती. भूजलाची पातळी वर चढली, क्षार पृष्ठभागावर आले, जमिनी पांढऱ्या फुलल्या. चोपण झालेल्या रानात ज्वारीही उभी राहीना.

१९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका काढली. लेखक दोघे: पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे. म्हणजे ठिबकची, माती परीक्षणाची भाषा गावात यायच्या कितीतरी आधी, आमच्याच मातीचे पृथक्करण करून कारण सांगितले गेले होते: पाणी आणा, पण ते बाहेर जाण्याची सोयही करा.

कारण ठाऊक असूनही शंभरहून अधिक वर्षांनी चोपण जमीन इथे आहेच. मातीचे शास्त्र कमी पडले म्हणून नव्हे. निचऱ्याचा चर एकट्याच्या बांधात संपत नाही. तो खालच्याच्या रानातून, त्याच्या खालच्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. मग बांध कुणाचा, खर्च कुणाचा, ओढा कुणाच्या ताब्यात, हे प्रश्न येतात. त्यांची उत्तरे परीक्षानळीत सापडत नाहीत.

*

मान हे रसायनशास्त्रज्ञ. पण १९१७ साली त्यांचे जे पुस्तक आले ते एका खेड्याचे आहे: जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती, घराचे पोट शेतीवर भरते की नाही. दख्खनच्या खेड्याची अशी घरोघर जाऊन केलेली पाहणी तेव्हा नवीनच होती. मातीतल्या क्षारांपासून सावकाराच्या वहीपर्यंत हा माणूस का गेला असेल? मला वाटते, मातीच्या उत्तराने शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही हे त्यांनी पाहिले असावे.

ते गाव होते पिंपळे सौदागर. आज ते पिंपरी-चिंचवड शहरात आहे, इमारतींनी भरलेले. तिथली पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला. म्हणजे मान यांनी ज्या गावाची कर्जे मोजली, त्या गावाचे आजचे सांडपाणी उजनीच्या वाटेवर आहे, आणि ज्या खोऱ्याची माती त्यांनी तपासली ते उजनीच्या शेजारी.

*

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंते झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावरच्या पाणीवाटपाचा गुंता त्यांच्यापुढे आला. वरच्या गावांना ऊस, खालच्यांना कोरडा पाट. त्यांनी सुचवलेली 'ब्लॉक' पद्धत म्हणजे ठरलेल्या क्षेत्राच्या गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, आणि त्या गटात ऊस थोड्याच भागावर, बाकीच्यावर कमी पाण्याची पिके आळीपाळीने.

यात नवे यंत्र नव्हते. पिकाला किती पाणी लागते, जमिनीला विसावा किती हवा आणि शेतकऱ्याला कशाची खात्री दिली की तो नियम पाळेल, हे तीन हिशेब एकत्र मांडले होते. तिसऱ्या हिशेबाला लोकप्रशासन म्हणतात. विश्वेश्वरय्यांना धरणांसाठी आपण ओळखतो. मला त्यांचे हे कागदावरचे काम अधिक मोलाचे वाटते.

*

पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकलेली एक गोष्ट.

साचलेल्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसा भरपूर प्राणवायू असतो. शेवाळ उन्हात तो तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ श्वसन करते आणि पाण्यातला प्राणवायू वापरत राहते. तो सर्वांत कमी असतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. अशा पाण्यात मासे मरतात ते बहुधा त्याच वेळी. उजनीच्या काठावरच्या मच्छीमारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पहाटे जाळी ओढायला गेलेल्यालाच मासळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसते.

आता दुसरी बाजू. मेलेल्या माशांची तक्रार होते. पंचनामा कार्यालयीन वेळेत होतो, बाटली दुपारी भरली जाते. दुपारच्या बाटलीत प्राणवायू चांगला येतो. अहवाल खरा असतो, मोजणीही बिनचूक असते, आणि तरी त्यातून सत्य बाहेर येत नाही.

उपाय साधा आहे. पाण्याचा नमुना किती वाजता घ्यायचा हे कार्यपद्धतीत लिहायचे. पण तो लिहायला दोन्ही ठाऊक असणारा माणूस लागतो. शेवाळाचे रात्रीचे श्वसन ज्याला माहीत, त्याला परिपत्रक कसे निघते हे माहीत नसते. ज्याला परिपत्रक काढता येते, त्याला पहाटेचे महत्त्व कुणी सांगितलेले नसते.

*

याच्याच पुढची पायरी. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यातले कलम २१ कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते सांगते. संबंधिताला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. हे पाळले नाही तर प्रयोगशाळेचा आकडा कितीही भयंकर असो, न्यायालयात तो पुरावा म्हणून उभा राहत नाही.

आमच्या वर्गात नमुना बर्फात ठेवायला शिकवतात, आम्लाचे थेंब टाकायला शिकवतात, बीओडीसाठी, म्हणजे जैविक प्राणवायू मागणी मोजायला, २७ अंशांवर ३ दिवस ठेवायला शिकवतात. नोटीस द्यायला शिकवत नाहीत. ते मला दुसऱ्या पदवीच्या वाचनात, कायद्याचे मूळ कलम उघडल्यावर कळले. नीरेचे काळे पाणी बाटलीत भरून आणणारे तरुण इंदापुरात आणि बारामतीत पुष्कळ आहेत. त्यांच्या धडपडीला या एका कलमाची जोड मिळाली पाहिजे. कुणाला त्रास द्यायला नव्हे. गावाने पदरमोड करून मिळवलेला आकडा वाया जाऊ नये म्हणून.

*

एप्रिल २०२१. उजनीतून इंदापूर तालुक्याला ५ टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. मांडणी अशी होती की पुणे परिसरातून सांडपाण्याच्या रूपाने जे पाणी उजनीत येते, त्यातला हा वाटा. सोलापूर जिल्ह्यात आंदोलने झाली. मे महिन्यात आदेश रद्द झाला. पुढे उजनीवरच्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेवरूनही तीच तणातणी झाली.

मी इंदापूरची. आमच्या बाजूची तहान मला ठाऊक आहे. कोरड्या विहिरीवर मोटार बसवून रात्री वीज येण्याची वाट पाहणारी घरे मी पाहिली आहेत. सोलापूरकरांची तहानही तितकीच खरी आहे. उजनीचे पाणी त्यांच्या शेतांना आणि शहरालाही जाते.

राजकारण बाजूला ठेवले तर या आदेशात शास्त्राचा एक खोल प्रश्न होता. शहराने वापरून सोडलेले पाणी म्हणजे नवे पाणी की धरणाच्या हिशेबात आधीच धरलेले पाणी? शहर धरणातून जितके उचलते त्यातला मोठा भाग नदीत परत येतो. तो दोन खात्यांत दोनदा मोजला, तर कागदावर पाणी वाढते आणि धरणात वाढत नाही. हे आधी मोजून, दोन्ही जिल्ह्यांपुढे मांडून, मग वाटप ठरले असते तर भांडण कदाचित झालेही असते, पण ते आकड्यांवर झाले असते. आकड्यांवरचे भांडण मिटवता येते.

*

पाटाच्या शेवटाला, टेलला, शेत असलेल्या घरातली मी. नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांब. हवेली, दौंड ओलांडून इंदापूरकडे येतो. नमुना नंबर ७चा पाणी अर्ज भरायचा, पाटकऱ्याला भेटायचे, शेजपाळीचा, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा, कागद पाहायचा. पाळी टेलपासून सुरू करून वर जावी हे धोरण कानावर कित्येकदा येते. आमचे चुलते म्हणतात, "कागदावर आपण पहिले, पाटावर शेवटले."

वाटेत पाणी किती झिरपते, किती उडून जाते, किती उपसले जाते हे वेगवेगळे मोजल्याशिवाय या वाक्यातला न्याय करता येणार नाही. २००५चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यायला सांगतो. मोजून हा कायद्यातला सगळ्यात जड भाग. त्यासाठी प्रत्येक वितरिकेच्या तोंडाशी मोजपट्टी हवी, ती वाचता येणारा माणूस हवा, आणि वाचलेला आकडा गावापुढे लावण्याची सक्ती हवी.

*

भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही उजनीकाठची गावे. जानेवारी ते एप्रिल इथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात. पुण्या-मुंबईची वाहने येतात, नावाड्यांना, खानावळींना, पक्षी दाखवणाऱ्या पोरांना काम मिळते.

हे पक्षी इथे आले ते धरणामुळे. १९८०मध्ये उजनी पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली, पळसदेवचे जुने देऊळ बुडाले. पाणी फार ओसरले की ते अजून वर येते. ओसरत्या पाण्याच्या उथळ चिखलात रोहितांचे खाद्य वाढते. त्याच ओसरत्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे धरणाच्या पोटातली उघडी पडलेली जमीन हंगामापुरती कसायला दिली जाते. विस्थापितांना, भूमिहीनांना तिचा आधार असतो. गाळपेरीतली खते-औषधे पुढच्या पावसाळ्यात पाण्यात उतरतात.

पक्षी, गाळपेर, मासेमारी, पर्यटन, पिण्याचे पाणी: पाचही गोष्टी चिखलाच्या एकाच पट्ट्यावर. जलसंपदा, महसूल, वन, मत्स्यव्यवसाय, पर्यटन ही खातीही पाच. एम.एस्सी.च्या भाषेत ही एक परिसंस्था आहे. एम.ए.च्या भाषेत ही पाच कार्यक्षेत्रे. पक्ष्यांचा, कसणाऱ्यांचा आणि मच्छीमारांचा विचार एका टेबलावर करणारी जागा तयार झाली पाहिजे, आणि ती इंदापुरातच हवी.

*

२१ मे २०२४. कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा माणसे गेली.

धरण झाल्यापासून करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली माणसे बोटीनेच येजा करत आली आहेत, कारण रस्त्याने वळसा फार पडतो. मे महिन्यातला वळवाचा वारा पाण्यावर किती वेगाने येतो याचे शास्त्र आहे. बोटीत किती माणसे बसवावीत, प्रत्येकाला तरंगते जाकीट असावे की नाही, वाऱ्याचा इशारा धक्क्यापर्यंत कुणी पोचवावा, याचे प्रशासन आहे. दोहोंच्या मधल्या जागेत ती सहा माणसे होती. या दोन विषयांची सांगड ही विद्वत्तेची हौस आहे असे कुणी म्हणाले, की मला हा दिवस आठवतो.

*

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ. उन्हाळ्यात पाहिला तर करडा, दगडी, उघडा. सरकारी भाषेत असल्या जमिनीला बरीच वर्षे 'पडीक' म्हटले गेले. प्रत्यक्षात इथे चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. पलीकडे बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यांसाठी १९९७मध्ये जाहीर झालेले. आता वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ माळांची सफारीही सुरू केली आहे.

ज्या जमिनीचे नाव कागदावर पडीक, तिचे काही बिघडवले असे कुणाला वाटतच नाही. तिथे खड्डे घेऊन झाडे लावली जातात आणि हिरवाई वाढली अशी नोंद होते. २०१९च्या पावसाळ्यात राज्याचे उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचे होते. झाड लावणारा हात चांगल्याच भावनेने लावतो. पण गवताच्या माळावर दाट झाडी म्हणजे चिंकाऱ्याचे घर गेले आणि मेंढपाळाची चराईही गेली. धनगर बांधवांना हा माळ कोणत्या महिन्यात काय देतो ते तोंडपाठ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाची यादी, मेंढपाळाचे ज्ञान आणि सातबाऱ्यावरची नोंद शेजारी ठेवून वाचली, तर माळाचे खरे मोल कळते. पहिली दुरुस्ती नोंदीत करायला हवी.

*

या दोन विषयांकडे आपल्याकडे कसे पाहतात?

पर्यावरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे अभ्यासक्रमात आले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१मध्ये निकाल झाला आणि पुढे पदवीच्या प्रत्येक शाखेला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले ते पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. चांगले पुस्तक आहे. बहुतेकांच्या आठवणीत मात्र शेवटच्या आठवड्यात जमा केलेली प्रकल्पवही राहते.

लोकप्रशासन म्हणजे स्पर्धा परीक्षा. इंदापूर-बारामतीची किती मुले-मुली पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसून घटनादुरुस्त्या पाठ करतात! ७३वी घटनादुरुस्ती, ११वी अनुसूची, २९ विषय. त्या २९ विषयांत पिण्याचे पाणी आहे, लघुसिंचन आहे, सामाजिक वनीकरण आहे, मत्स्यव्यवसाय आहे. पाठ करणाऱ्याच्या गावातले हे सगळे प्रश्न. यादीकडून गावाकडे जाणारा धडा कुणी घेत नाही.

दोन्ही विषय एकेकटे उपेक्षित राहिले. एकत्र आले तर या तालुक्याला याहून उपयोगी शिक्षण दुसरे नसेल.

*

पुण्यात एका घराने हे दोन विषय दोन पिढ्यांत सांभाळले. वडील धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले मोठे नाव. मुलगा माधव गाडगीळ, परिसरशास्त्रज्ञ. २०११च्या पश्चिम घाट अहवालात माधवरावांनी आग्रह धरला की संरक्षणाच्या मर्यादा गावांनी, ग्रामसभांनी चर्चा करून ठरवाव्यात. हा आग्रह निव्वळ जीवशास्त्रातून येत नाही. निसर्ग कोण राखील याचा विचार करणाऱ्याला शेवटी संस्थांचा विचार करावाच लागतो. सहकाराचा संस्कार असलेल्या घरात तो रुजणे स्वाभाविक होते.

*

विलासराव साळुंखे अभियंता-उद्योजक. १९७२च्या दुष्काळानंतर आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावी त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणलोट अडवणे हा शास्त्राचा भाग. पुढचे नियम पाहा: पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर; भूमिहीनालाही पाण्याचा हक्क; ऊस लावायचा नाही; खर्चाचा आपला हिस्सा प्रत्येकाने द्यायचा.

पहिल्या नियमाने न्याय साधला, तिसऱ्याने पाणी पुरले. न्यायाशिवाय तिसरा नियम कुणी पाळला नसता आणि तिसऱ्या नियमाशिवाय न्यायाला पाणीच उरले नसते. ही दोन वाक्ये मी दोन्ही विषयांच्या वहीत लिहून ठेवली आहेत.

*

गावात विचारतात, "पोरी, याला नोकरी कुठली?" प्रश्न रास्त आहे, फी शेतातून जाते.

प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, नगरपालिका, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, कारखान्यांचे पर्यावरण विभाग: या प्रत्येक ठिकाणी एक तर शास्त्र शिकलेला माणूस असतो किंवा प्रशासन शिकलेला. दोघांचे बोलणे एकमेकांना समजावून देणाऱ्याची गरज सगळ्यांना भासते. त्यासाठी वेगळे पद अजून नाही. पण भूजल कायदा २०१४पासून लागू आहे, ग्रामपंचायतींना विकास आराखडे करायचे आहेत, जैवविविधता नोंदवह्या ठेवायच्या आहेत. कामे कायद्याने आधीच निर्माण केली आहेत. ती करू शकणारी माणसे तयार झाली की पदेही येतील, असा माझा विश्वास आहे.

थकवा येतो, तो लपवत नाही. आठवडाअखेर एसटीत स्वाध्याय लिहावे लागतात. पण सकाळी नायट्रेट मोजावे आणि संध्याकाळी पंचायतीच्या अंदाजपत्रकात क्लोरिनसाठी किती रक्कम धरली आहे ते वाचावे, यात जे समाधान आहे ते एका विषयात मला मिळाले नसते.

*

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९मध्ये तिची पायाभरणी झाली, तीही खडकाळ माळावर, जिथे शेती करायची तर आधी माती घडवावी लागते. दुष्काळ, क्षार, उष्णता हे तिचे विषय. जवळच कृषी विज्ञान केंद्र आहे. बारामतीत आणि इंदापुरात जुनी, नावाजलेली महाविद्यालये आहेत. तहसील, पंचायत समिती, पाटबंधारे शाखा हाकेच्या अंतरावर. दोन विषयांचा जोड अभ्यासक्रम सुरू करायला आणखी काय लागते?

मी तो असा मांडते. पहिल्या वर्षी सकाळी प्रयोगशाळा: माती, पाणी, भूजल, गवताळ माळ. दुपारी कायदे आणि अंदाजपत्रक: सिंचन, प्रदूषण, पंचायत, माहितीचा अधिकार. सुट्टीत एक महिना पाटकऱ्याबरोबर, एक महिना मच्छीमारांबरोबर. दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव. त्या गावाचा पाण्याचा ताळेबंद करायचा: पाऊस किती, पाटाने किती आले, विहिरींतून किती उपसले, पिकांनी किती घेतले, पिण्याचे कसे आहे, आणि या प्रत्येक आकड्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा आहे. प्रबंध मराठीत, कारण वाचणारे मराठी आहेत.

आणि तोंडी परीक्षा ग्रामसभेत. बाहेरचे परीक्षक बसू देत, पण पहिला प्रश्न गावाने विचारावा. तो काय असेल हे मला ठाऊक आहे, कारण गावोगावी तो मला विचारला गेला आहे: या विहिरीचे पाणी लेकराला पाजू का, आणि पाजायचे नसेल तर दुसरे कोण देणार, कधी? पहिल्या अर्ध्याला उत्तर देणारे पदवीधर आपण घडवतो, दुसऱ्या अर्ध्याला उत्तर देणारेही घडवतो. विचारणाऱ्या आईचा प्रश्न मात्र एकच असतो, आणि तिला त्याचे पूर्ण उत्तर देईल त्याच विद्यार्थ्याला उत्तीर्ण करावे.